जमीन माझी, पाणी तुमचं

गेल्या बुद्धपौर्णिमेला सकाळी विश्रांतवाडीतल्या आमच्या वस्तीवर अन्याय झाला. खिरीसाठी सार्वजनिक विहिरीतून काढलेल्या पाण्यावर ऑइलचा तवंग होता.

विहिरीला खेटून आयटीवाल्यांच्या नव्या गाड्यांचं गॅरेज आहे. मालक फार स्वच्छताप्रिय. रोज विहिरीचा कठडा स्वतः फडक्याने पुसतात. ‘पाणी पिण्याचे आहे, थुंकू नये’ ही पाटीही त्यांचीच. मग पलीकडे जाऊन गाड्यांचं जळकं ऑइल मातीत ओततात, तेही हळूच, शिंतोडे उडू नयेत म्हणून.

“अहो काका, हे विहिरीत झिरपतं!” मी ओरडलो.

“आपण आवाज खाली ठेवा,” हात पुसत ते म्हणाले. “विहिरीत मी थेंबही टाकत नाही. जमिनीत टाकतो. जमीन माझी आहे, परवानासुद्धा आहे.”

परवाना खरा आहे. देणाऱ्या साहेबांच्या मते विहिरीचं पाणी बहुधा कठड्यातून येत असावं. आमच्या बाया आता टँकरसमोर भांडतात.

सध्या महापालिका शहराच्या विकास आराखड्यावर हरकती मागवतेय. तुमच्या भागातली विहीर शोधा. तिच्या आजूबाजूच्या जमिनीवर गॅरेज, पेट्रोलपंप, कारखाना नको, अशी हरकत लिहा. उद्याच वॉर्ड ऑफिसात द्या आणि शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत खिडकीवरून हलू नका.