चीनच्या टूरचा डावा कौल

“शिआनला समुद्र नाही,” असं मी बोलून गेलो आणि जमलेला ग्रुप तिथल्या तिथे विस्कटला.

तोवर सगळं बरं चाललं होतं. मालवण बाजारातल्या माझ्या छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात माणसं दाटीवाटीने बसली होती. चहा झाला होता, पासपोर्टच्या झेरॉक्स जमा झाल्या होत्या. शिआन ही चीनची जुनी राजधानी. जमिनीतून निघालेलं मातीच्या सैनिकांचं अख्खं लष्कर तिथे आहे, आणि शहराभोवतीची तटबंदी अजून शाबूत आहे. मी ब्रोशरमधला तो फोटो दाखवत होतो, तेवढ्यात सुलभावहिनींनी मासे कुठले मिळतात ते विचारलं. वहिनींच्या घरचे ट्रॉलर आहेत, आणि ग्रुपमधली निम्मी माणसं त्यांच्या सासरची नाहीतर माहेरची होती.

“समुद्र नाय?” वहिनी म्हणाल्या. “मगे थंयचे लोक खातत काय?”

मी म्हटलं, नूडल्स, मटण, पाव.

“आणि ही भिंत बघूक इतक्या लांब जावचा? हय होडयेत बसलास की किल्लो.”

यावर सगळे हसले. हसू ओसरलं तेव्हा दोन कुटुंबांनी पासपोर्टच्या झेरॉक्स परत मागितल्या.

इथे थोडं धंद्यातलं सांगायला हवं. ग्रुप फेअर म्हणजे ठराविक डोकी जमली तरच मिळणारा विमानाचा भाव. डोकी कमी झाली की तो भाव जातो आणि उरलेल्यांना महाग पडतं. वहिनींना काही फरक पडला नसता. वालावलकर मास्तरांना पडला असता. ते कोपऱ्यात काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

मास्तरांनी मला शाळेत इतिहास शिकवला. चीनमधून चालत भारतात आलेल्या भिक्षूंचा धडा ते असा शिकवायचे की आमचेच पाय दुखायचे. त्या वाटेची सुरुवात शिआनला होती. निवृत्त झाल्यापासून त्यांना एकदा त्या तटावर उभं राहायचं होतं. पण गुडघे संपत आले होते. सगळे गेल्यावर ते म्हणाले, “सदा, या वर्षी जमलं तर जमलं. पुढच्या वर्षी मी जिन्याचा माणूस राहणार नाही.”

म्हणून मी ग्रुप सांधायला निघालो. शिवाय, खरं तेच सांगतो, दुकानाच्या पाटीवर ‘काशी, काश्मीर, दुबई’च्या खाली मी पेंटरकडून ‘चीन’ आधीच रंगवून घेतलं होतं.

पहिला उपाय केला तो व्हिडिओ कॉलचा. परदेशात आमच्या वतीने गाडी, हॉटेल, गाईड बघतो त्याला लँड ऑपरेटर म्हणतात. शिआनची आमची लँड ऑपरेटर मिस लिन नावाची मुलगी होती. सावकाश इंग्रजी बोलायची. वहिनींना मासे बघायचेत म्हटल्यावर ती बिचारी फोन घेऊन एका हॉटेलातल्या काचेच्या टाकीपुढे जाऊन उभी राहिली. आत मोठमोठे मासे फिरत होते.

वहिनींनी फोन डोळ्यांजवळ नेला. “तळ्यातलो आसा,” त्या म्हणाल्या. “ह्येका चिखलाची घाण येतली.”

मिस लिनने काय म्हणतात ते विचारलं. मी म्हटलं, फार सुंदर म्हणतात. मग कॉल बंद करता करता तिने एक गोष्ट मला बजावून सांगितली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला येऊ नका. तेव्हा देशाला आठवडाभर सुट्टी असते आणि सगळा चीन चीन बघायला निघतो. दिवाळीनंतर या. मी बरं म्हटलं. हे फक्त मलाच माहीत होतं, हे लक्षात ठेवा.

शेवटी वहिनींनीच तोडगा काढला. देवाला कौल लावू. देव हो म्हणाला तर मासे नसले तरी चालतील.

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे लग्न असो, नवी होडी असो, देवाला विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

देव नाही म्हणाला तर मास्तरांचं जाणं बुडालं. आणि आमच्या धंद्यात एक सवय लागते. गिऱ्हाइकाला ‘येता का?’ असं कधी विचारायचं नसतं. ‘खिडकीची सीट देऊ की कडेची?’ असं विचारायचं. म्हणजे येणार हे ठरूनच जातं. मी तेच देवाला केलं.

बाबल गुरवाला आदल्या दिवशी गाठलं आणि म्हटलं, जायचं ठरलंय, फक्त दिवाळीच्या आधी की नंतर एवढंच विचार. आधी असेल तर डावी, नंतर असेल तर उजवी. उजवी पडली की गावालाही बरं वाटेल आणि मिस लिनलाही, असा माझा हिशेब.

बाबल डोकं खाजवत म्हणाला, “भाऊ, असो प्रश्न आजपर्यंत कोणी इचारूक नाय.”

“चीनला तरी कोण गेलंय?” मी म्हटलं. ते त्याला पटलं.

दुसऱ्या दिवशी सगळे देवळात जमले. बाबलने हात जोडले. “बा देवा महाराजा, ही तुझी लेकरां चीनाक जावक निघाली हत. दिवाळेच्या आधी धाडतलस तर डावी दी, दिवाळेनंतर धाडतलस तर उजवी दी. खंय चुकला माकला आसात तर सांभाळून घे रे महाराजा.”

“व्हय महाराजा,” आम्ही म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने मी.

डावी कळी टपकन पडली. मी इतक्या झटपट पडलेली कळी आजवर पाहिली नाही.

मग वहिनी हळूच म्हणाल्या, “डावी म्हणजे नाय मां?”

“नाही, नाही,” मी म्हटलं. “डावी म्हणजे दिवाळीआधी. बाबलला विचारा.”

बाबलने मान हलवली. काय करणार, गाऱ्हाणं त्याच्याच तोंडून निघालं होतं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत कॉपी पकडल्यावर बघायचे तसं. पण त्यांनाही जायचं होतंच.

आता दिवाळीच्या आधीचं कॅलेंडर घेऊन बसलो. चतुर्थीत मालवणी माणूस घर सोडत नाही. पुढे पितृपक्ष, त्यात म्हाळ, प्रवासाचं नाव नको. मग नवरात्र आणि दसरा, देवळात सगळ्यांचे मान. दिवाळीच्या तोंडावर साफसफाई आणि फराळ, बायका हलणार नाहीत. मध्ये एकच आठवडा मोकळा राहिला. नेमका तोच, मिस लिनने बजावलेला. मी तिला तारखा कळवल्या. उत्तरात तिने फक्त हात जोडलेलं चित्र पाठवलं.

शिआनमध्ये काय झालं ते मालवणात सगळ्यांना पाठ आहे. मातीच्या सैनिकांपुढे एवढी गर्दी होती की आम्हाला सैनिक दिसले ते पुढच्या माणसांनी उंच धरलेल्या मोबाइलमध्ये. वहिनी म्हणाल्या, “हय रांगेत उभे आसत ते फकस्त मातीचे.” जेवायला जागा मिळवण्यातच दुपार जायची. तिसऱ्या दिवशी वहिनींनी तळ्यातला मासा मागवला, अर्धा खाल्ला आणि उरलेला बांधून मागितला.

पण लोक सांगत नाहीत ते हे. तटाच्या जिन्यापाशी मास्तर थांबले. एवढ्या पायऱ्या आणि एवढी माणसं. ते म्हणाले, तुम्ही जाऊन या, मी खालून बघतो. तेव्हा वहिनींनी पदर खोचला. जत्रेच्या रांगेत म्हाताऱ्यांना मध्ये घेऊन चालतात तसं आम्ही मास्तरांना मध्ये घेतलं. पुढच्याची कॉलर, मागच्याचा हात. मागून चिनी गर्दीचा रेटा. मास्तरांचे पाय पायऱ्यांना जेमतेम लागले असतील. गर्दीनेच त्यांना वर नेऊन ठेवलं. रिकामं शहर असतं तर ते खालीच राहिले असते.

वर ते बराच वेळ पश्चिमेकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “सदा, मी फळ्यावर हा तट नेहमी गोल काढत आलो. हा तर चौकोनी आहे.” आणि पोटभर हसले. परतीच्या विमानात त्यांना एकच काळजी, इतक्या विद्यार्थ्यांना आता कळवायचं कसं.

गावी आल्यावर मात्र गर्दीचं खापर बाबलवर फुटलं. डावी पडली होती, म्हणजे देव नाही म्हणतोय हे त्याने सांगायला हवं होतं, असं ठरलं. त्याच्या कौलाला नाव पडलं ‘चायना कौल’. गॅरंटी नाय, म्हणून हसायचे. होडी पाण्यात घालायच्या वेळी लोक त्याच्याकडे कौल लावून घ्यायचे आणि मग खात्रीसाठी दुसऱ्या देवळात जायचे. त्याने कोणाला माझं नाव सांगितलं नाही. मी समोरच्या पानपट्टीवर उभा राहून ऐकायचो आणि मीही हसायचो. त्या हसण्याने माझी झोप घालवली आहे.

मास्तर गेल्या वर्षी वारले. त्यानंतर मी बाबलकडे गेलो. लोकांसमोर सांगतो म्हटलं. तो वाती वळत होता.

“सांगा,” तो म्हणाला. “पण भाऊ, माका त्येच दिवशी कळलेला. देवान नायच म्हटल्यान. मीच गप रवलंय.”

“का?”

“मास्तरांनी माकाव शिकवल्यानी.”

मी देवळात उभं राहून सगळं सांगितलं. सुलभावहिनी म्हणाल्या, “भाऊ म्हातारे झाले, बाबलाक सांभाळून घेतत.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोणाचाही विश्वास बसला नाही. म्हणून आता छापायला देतो आहे.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. तारीख पक्की करण्याआधी ज्यांच्या गावी जायचं त्यांच्या सुट्ट्या बघा. आणि चूक झाली तर पहिल्याच आठवड्यात कबूल करा. नंतर ती तुमची आहे यावर कोणी विश्वास ठेवत नाही.