मंडळी: आता नाही

माझे काका शिलाई मशीन दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. आत दोघं शिरले तर एकाने श्वास घ्यायचा आणि दुसऱ्याने सोडायचा. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मशीनला ते चिठ्ठी बांधत. ‘पट्टा सैल.’ ‘शटल झिजलं.’ तिसरा शब्द खर्चायचं त्यांच्या जिवावर यायचं. काकू होत्या तोवर बोलायचं खातं त्यांच्याकडे होतं.

रविवारी मात्र काका चर्च उघडायचे, घंटा वाजवायचे आणि उपासनाही तेच चालवायचे, कारण पाळक हल्ली महिन्यातून एकदाच उगवत. एके काळी बाकं पुरत नसत. मग कोणी दुसरीकडे राहायला गेलं, कोणाची पोरं कंटाळली, कोणी वारलं. शेवटी पाचजण उरले, तेही आळीपाळीने आजारी. मी त्या पाचांतही नव्हते. काकूंसाठी मी गुडघे सोलवटेपर्यंत प्रार्थना केली होती, तरी त्या गेल्या. तेव्हापासून देवाशी माझं बोलणं बंद. काकांनी कधी विचारलं नाही, आणि त्याचाही मला राग यायचा.

मग चर्चच्या मुख्य कार्यालयाकडून एक छापील कागद आला. देखभाल करणाऱ्याचं नाव, वय, मंडळी. काकांनी नाव लिहिलं, वय लिहिलं. ‘मंडळी’पुढे पेन थबकलं. त्यांच्या तोंडी काकू म्हणजे कायम ‘आमची मंडळी’. त्यांनी लिहिलं, ‘आता नाही.’ डोळे पुसले आणि पाकीट चिकटवलं.

पंधरा दिवसांनी एक माणूस मोजपट्टी घेऊन चर्चमध्ये शिरला. त्याने दार मोजलं, खिडक्या मोजल्या, बाक उलटं करून लाकूड कसलं ते पाहिलं. कोणी पाठवलं ते सांगेना. पाठोपाठ पत्र आलं: उपासनेला येणारी मंडळी उरली नसल्याचं आपणच कळवल्यामुळे चर्च बंद करण्यात येत आहे.

मी काकांबरोबर कार्यालयात गेले.

“अहो, ती मंडळी म्हणजे माझी बायको,” काका म्हणाले.

साहेब हसलेसुद्धा नाहीत. कागद पुढे सरकवून म्हणाले, “अक्षर तुमचंच ना?”

“माझंच.”

“हे बघा, निर्णय झालाय. तरी येत्या रविवारी मी स्वतः येतो. तुम्हाला सोडून उपासनेत एक जरी आवाज ऐकू आला, तर मंडळी ‘आहे’ असं लिहीन. नाहीतर सोमवारी कुलूप.”

काका पाचही घरी जाऊन आले. दोघं इस्पितळात, एक बाई लेकीकडे, उरलेले दोघं “बघतो” म्हणाले. दुकानाची फळी लावताना त्यांनी पहिल्यांदाच मला विचारलं, “तू येशील?”

“बघते,” मी म्हणाले.

रविवारी घंटा नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजली. मी गेले, पण दारातच उभी राहिले. शेवटच्या बाकावर साहेब, गुडघ्यावर कागद. बाकी सगळी बाकं रिकामी. काका प्रार्थना वाचत होते. प्रत्येक ओळीनंतर लोकांनी ‘प्रभो, आमचं ऐक’ म्हणायचं असतं. ते शब्द लोकांचे म्हणून काका स्वतः म्हणत नव्हते. म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबायचे आणि पुढची ओळ घ्यायचे. पुन्हा थांबायचे.

तीनच शब्द होते, लहानपणापासून पाठ. पण ज्याच्याशी बोलत नाही त्याला ‘ऐक’ कसं म्हणायचं? आणि नुसतं कुलूप टाळायला म्हटलं, तर काकांच्या तोंडावर खोटं बोलल्यासारखंच. असं मी स्वतःला बजावत होते. खरं म्हणजे माझा हट्ट होता, आणि तो हट्ट मी स्वतःला आजही माफ केलेला नाही.

काकांनी मला पाहिलं होतं. शेवटच्या ओळीनंतर ते जरा जास्तच थांबले. माझ्याकडे न बघता, पुस्तकात बोट ठेवून, थांबले.

माझे ओठ हलले. आवाज निघाला नाही.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.