मामांचा ऑपेरा

वस्तू काढून टाकल्यावर जे उरतं तेच खरं, यावर माझ्या बायकोच्या मामांइतकी श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल. वाळूजच्या कारखान्यात असताना त्यांना कंपनीनं एकदा जर्मनीला धाडलं. मशीन शिकून यायचं होतं. मामा ऑपेरा पाहून आले. गेल्या शतकातली, सगळे संवाद गाऊन म्हणायची ती शोकांतिका म्हणे रिकाम्या रंगमंचावर, एका खुर्चीवर भागवली होती. परतल्यावर मामांनी घरातला सोफा काढला, मग शोकेस, मग भिंतीवरचं घड्याळ. "पाहुण्यांना काय उभं करता व्हय?" मामींनी विचारलं. "उभा माणूस नीट ऐकतो," मामा म्हणाले.

निवृत्तीनंतर त्यांनी तो ऑपेरा मराठीत आणला आणि पुंडलिकनगरातलं एक सभागृह ठरवलं. गोष्ट साधी होती : समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बाई. तालमींत निळा पडदा गेला, होडी गेली, मागे गाणारी मंडळी गेली. शेवटी "माझी शोभा व्हायची" म्हणत गायिकाही गेली. मामींचा गळा भजनात तयार झालेला, आणि वर्षभर कानावर पडून सगळं पाठ. त्या उभ्या राहिल्या.

"अहो, पण समुद्र कुठंय?"

"तू बघशील तिथं."

ते दुष्काळाचं वर्ष होतं. शहर चहूकडं वाढत होतं आणि नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. प्रयोग रंगात आला आणि बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. अर्धं सभागृह उठलं. विंगेत मामांचा चेहरा उतरला. मामी मात्र थांबल्या नाहीत. उठलेल्या लोकांच्या डोक्यांवरून दूर कुठंतरी बघत त्यांनी नवऱ्याला हाक मारणारा सूर लावला, तशी दारापर्यंत गेलेली माणसं थबकली. मीही नकळत त्या बघत होत्या तिकडं वळून पाहिलं. टँकरवाल्यानं इंजिन बंद केलं आणि दारात येऊन हळूच म्हणाला, "होऊ द्या बाईंचं. मी हाय इथंच."

मामांनी दुसरा प्रयोग केला नाही. आता ते नाहीत. मध्यंतरी सहज मामींकडं गेलो, तर आत त्या एकट्याच तो सूर आळवत होत्या. बेल न वाजवता मी जिन्यातच उभा राहिलो, गाणं संपेपर्यंत.