मंचरच्या गाडीचा उलटा गिअर

“हो! हो! हो!” असं ओरडत कोंडिबा गिअरचा दांडा दोन्ही हातांनी मागे ओढत होता आणि गाडी सरळ कांद्याच्या पोत्यांत घुसत होती. मी त्याच्या शेजारच्या सीटवर. मंचरचा भरबाजार. पोती फुटली, कांदे रस्ताभर गडगडले आणि एक अख्खं पोतं माझ्या मांडीवर येऊन बसलं.

“लागलं का मिस्त्री?” कोंडिबानं घाबरून विचारलं.

“मला नाही लागलं. गाडीला विचार.”

बाजार खदाखदा हसत होता. मलाही हसू येत होतं, पण गाडीचे मालक फुलचंदशेठ दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं.

ही पहिल्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मी पुण्यात एका मोटार गॅरेजात मिस्त्री होतो. आमच्याकडे शेठजींचं पत्र आलं: ‘गाडीच्या गिअरचा दांडा आखूड आहे. ओढला तरी गाडी थांबत नाही. लांब आणि मजबूत दांडा बसवून द्यावा.’ फोरमननं पत्र माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, “दांडा बसव आणि परत ये. माणसं शिकवत बसू नकोस. ड्रायव्हर मी पाठवतोय.”

पत्र वाचूनच मला शंका आली होती. गिअरनं गाडी थांबते कुठे? ती ब्रेकनं थांबते. गिअर म्हणजे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारी दातेरी चाकं. पहिल्या गिअरला जोर जास्त, वेग कमी. तिसऱ्याला वेग जास्त. मधे न्यूट्रल, तिथे इंजिन नुसतंच फिरतं, चाकांना जोर मिळत नाही. त्या काळी दांडा चालकाच्या उजव्या हाताला, गाडीच्या बाहेरच्या अंगाला असायचा. खाली खाचांची एक वाकडी पट्टी. या गाडीत सगळ्यांत पुढची खाच रिव्हर्सची, मग न्यूट्रल, पहिला, दुसरा, तिसरा. म्हणजे दांडा जेवढा मागे ओढाल तेवढी गाडी जोरात.

आता कोंडिबा कोण, ते सांगतो. हा बोरी बुद्रुकचा गडी. वीस वर्षं शेठजींचा टांगा हाकत होता. शेठजींनी मोटार घेतली, घोडा विकला आणि टांगेवाल्यालाच मोटारीवर बसवलं. कोंडिबा हुशार होता. दांड्याला हात लावताना क्लच दाबायचा, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. ब्रेकही त्याला माहीत होता. पण माणूस घाबरला की पाय विसरतो, हातच आधी धावतो. आणि त्याच्या हाताला वीस वर्षं एकच ठाऊक: थांबायचं असेल तर ‘हो’ म्हणत लगाम मागे खेच! मग काय, समोर कुणी आलं की हा दांडा मागे खेचायचा, गाडी वरच्या गिअरमध्ये जायची, क्लच सुटला की उसळी मारायची. अहो, घोड्यानं ऐकलं असतं, मोटार कशाला ऐकते?

कांदे गोळा करताकरता मी त्याला विचारलं, “अरे, दांडा पुढे ढकलायचा ना!”

“समजतंय राव. पन पुढं ढकलायचं म्हंजी लगाम सोडल्यागत वाटतं. आंगावर काटा येतो.” मग तो हळू आवाजात म्हणाला, “उद्या पुन्याचा डायवर येनार हाय. शेठ म्हनले, तुला काय जमंना, तू बोरीला जा. तितं भावाची शेती, भावाची पोरं. मी जाऊन काय माशा मारू? या घरच्या मान्सांना मी कुटं कुटं न्हेलंय, तुमाला काय सांगू?” त्याचे डोळे भरून आले.

शेठजींना वेगळीच चिंता होती. त्यांच्या म्हाताऱ्या आईला, म्हणजे बाईंना, जुन्नरला लेकीकडे जायचं होतं. आणि बाई म्हणत होत्या, “कोंडिबा हाकणार असेल तरच मी त्या भुतात बसेन.”

“मिस्त्री, दांडा मोठा करा म्हणजे ह्याचा जोर पुरेल,” शेठजी म्हणाले.

“जोर पुरतोय शेठजी, म्हणूनच पोती फुटली.”

मी गाडीखाली शिरलो. दांड्याच्या खालच्या टोकाला एक रॉड होता, तो गिअरच्या पेटीपर्यंत जायचा. दांडा ज्या खिळीवर हलायचा तिच्या खाली हा रॉड जोडलेला होता, म्हणून दांडा मागे ओढला की रॉड पुढे जायचा. तो खिळीच्या वर जोडला तर? दांडा मागे गेला की रॉडही मागे जाईल, म्हणजे सगळं उलटं. खेचलं की गिअर उतरेल, ढकललं की चढेल. मी गाडीखालीच टाळी वाजवली. कोंडिबाला वाटलं मला विंचू चावला.

“माणूस बदलण्यापेक्षा जोडणी बदलू,” मी शेठजींना म्हणालो.

“कंपनीनं केलेली गाडी उलटी करणार?”

“कंपनीला कोंडिबा कुठे माहीत होता?”

शेठजींनी कपाळाला आठ्या घातल्या, पण बाईंनी आतून सांगितलं, “करू दे रे त्याला.”

गावातल्या लोहाराच्या भात्यावर नवा दांडा घडवला, जुन्यापेक्षा वीतभर लांब, वर शिसवी मूठ. रॉड वरच्या बाजूला जोडला. पट्टीवरचे गिअरचे जुने आकडे घासून काढले, नवे ठोकले. दुपारी कोंडिबा बसला. दांडा पुढे ढकलला, गाडी निघाली, दुसरा पडला, तिसरा पडला. समोर म्हैस आली. “हो!” त्यानं दांडा पार मागे खेचला. करर्र! दातांचा असा आवाज झाला की लोहार भाता सोडून पळत आला, आणि गाडी गचका खाऊन मागे सरकायला लागली.

चूक माझी होती. उलटं केलं तेव्हा रिव्हर्सही उलटा झाला, आता तो सगळ्यांत मागे. म्हणजे घाबरून खेचलं की न्यूट्रल ओलांडून थेट रिव्हर्स! मी कपाळावर हात मारून घेतला. मग जुन्या कुलपाची स्प्रिंग काढून न्यूट्रलच्या मागे एक अडसर बसवला. अंगठ्यानं तो उचलल्याशिवाय दांडा रिव्हर्समध्ये जाणारच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेठपर्यंत गेलो. मी, कोंडिबा आणि मागे हात जोडून बसलेले शेठजी. चढावर कोंडिबानं एकेक खाच मागे घेतली, घोड्याला चुचकारावं तशी. पेठजवळ सपाटीला अचानक मेंढरं आडवी आली. “हो! हो!” दांडा मागे गेला आणि न्यूट्रलला अडकला. न्यूट्रलमध्ये गाडी थांबत नाही, पण जोर सुटतो, आणि घाबरलेल्या माणसाला श्वास घ्यायला तेवढं पुरतं. मग पायाला ब्रेक आठवला. पहिल्या मेंढरापासून चार हातांवर गाडी उभी राहिली.

“थांबली!” शेठजी ओरडले. “अरे, थांबली की!” आणि त्यांनी मेंढपाळाला मिठी मारली. त्या बिचाऱ्याला काहीच कळलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

मंचरला आलो तर पुण्याचा ड्रायव्हर दारात. टोपी, बूट, झुपकेदार मिशा. “बाजूला व्हा,” तो कोंडिबाला म्हणाला आणि रुबाबात बसला. मी सांगायला तोंड उघडलं. “मिस्त्री, दहा गाड्या चालवल्यात मी!” मग म्हटलं, चालव बाबा. “बाजारापुरतं बघू,” म्हणत बाई मागे येऊन बसल्या. पट्टीवरचा आकडा बघून त्यानं पहिला टाकला, गाडी निघाली. त्यानं सवयीनं दांडा मागे ओढला. न्यूट्रल. गाडी मंदावली. परत बसवला, परत ओढला. बाजारात मधोमध गाडी नुसती गुरगुरत उभी. अख्खा बाजार हसायला लागला, आणि या वेळी शेठजी सगळ्यांत मोठ्यानं.

“उतर खाली,” बाई म्हणाल्या. “कोंडिबा, चल रे, जुन्नरला.”

कोंडिबा चढला. एकदा माझ्याकडे बघितलं, दांडा पुढे ढकलला आणि गाडी धुरळा उडवत गेली. मी रस्त्यातच वेड्यासारखा नाचलो. पुण्याच्या ड्रायव्हरला चहा पाजला. तोही मग हसला.

फोरमननं मला चांगलं फैलावर घेतलं. “दुसरा कुणी ती गाडी चालवणार कसा?” मी शेठजींना तसं विचारलंही होतं. म्हटलं, दांड्यावर पाटी लावू. ते म्हणाले, “मुळीच नको. दुसऱ्या कुणाला द्यायचीय?” कोंडिबा हात थकेपर्यंत त्याच गाडीवर राहिला.

पुढे पंचवीस वर्षं मी मोटारी दुरुस्त केल्या. गाडी दारात आली की बाकीचे मिस्त्री आधी बॉनेट उघडायचे. मी आधी चालकाला विचारायचो, “मोटारीआधी काय हाकायचास, बाबा?”