गारगोटीवरची खाच

नागपूर तेव्हा अजून प्रांताची राजधानी होतं. आमच्या विणकरांच्या गल्लीतून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. भूगर्भशास्त्राच्या वर्गात आम्हाला खनिजांचा कठीणपणा तपासायला शिकवत. नख, तांब्याचा पैसा, चाकू, काच. कशाने ओरखडा पडतो ते बघायचं आणि रेघेवरून ओलं बोट फिरवायचं. रेघ पुसली गेली तर तो ओरखडा नव्हे, घासणारी वस्तूच झिजलेली असते.

"सरकारनं एवढं मोठं कालेज बांधलं, अन् तुम्ही तिथं दगडं खरवडून राहिले?" बाबा मागावरून म्हणत. घरात तेवढंच हसू उरलं होतं.

आदल्या वर्षी माझी मोठी बहीण तापाने गेली होती. चरख्यावर बसून ती कांड्या भरायची, म्हणजे मागावर इकडून तिकडे फिरणाऱ्या धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. सूत ताठ राहावं म्हणून ते एका पांढऱ्या गारगोटीवरून ओढून घ्यायची. तिच्या हयातीतच गारगोटीवर केसाएवढी खाच पडली होती. ती गेल्यावर चरखा कोपऱ्यात गेला, कांड्या शेजारून भरून येऊ लागल्या. गारगोटीला मात्र मायने कुणाला हात लावू दिला नाही.

उन्हाळ्यात एकदा बाबांनी मला हाक मारून गारगोटीकडे बोट दाखवलं. "हे पाय. खाच खोल झाली का नाही?"

मी बोट लावलं. नुसत्या बोटाने खोली कळेना.

"पोरीचा जीव सुतात अडकला हाये. अजून ओढून राहिली थे. खाच वाढत असन तं मी हा दगड तलावात टाकतो, सुटू दे तिले."

"टाकू नोका," माय दारातून म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू शिकला ना गा? तू सांग. तू सांगशीन तसं करू."

दोघांनीही माझ्यावर एवढा भार टाकावा, याची मला भीती वाटली.

मी गारगोटीवर चाकू ओढला. करडी रेघ उमटली. ओल्या बोटाने पुसली गेली. गारगोटी पोलादाला दाद देत नव्हती. मग सुताने कशी कापली जाईल? वर्गात तर मऊ वस्तू कठीण वस्तूला ओरखडा पाडत नाही, असंच शिकवलं होतं. पण खाचेतून काडी फिरवली, तर टोकाला पांढरी पूड आली. ताजी. तिच्यात गल्लीतल्या धुळीचे बारीक कण चमकत होते. धूळ बसलेलं सूत कानशीसारखं घासतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पण त्यासाठी ते कुणीतरी ओढायला हवं होतं.

आणखी तपासायला हवं, असं सांगून मी चाकू मिटला.

पुढे एकदा प्रयोगाचा तास झाला नाही, म्हणून मी भर दुपारी घरी परतलो. बाबा बाजारात गेले होते, माग बंद होता. आत बारीक आवाज येत होता: सर्र, सर्र. बहिणीच्या जागी माय बसली होती. डोळे मिटलेले. दोन्ही हातांत सुताचा तुकडा धरून ती गारगोटीवरून मागेपुढे ओढत होती, आणि मनगट तसंच वळत होतं, अगदी बहिणीचं वळायचं तसं.

"माय."

ती ऐकत नव्हती. मी खांद्याला हात लावला, तशी दचकली.

"कवा आला गा? मी तं निजून होती." तिने हातातल्या सुताकडे पाहिलं आणि ते ओळखीचं नसल्यासारखं खाली टाकलं.

संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातला धोटा खाली ठेवला.

"मंग दगड नेला तं थे काय धरून बसन?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चरखा पुसून गारगोटीजवळ ठेवला. शेजारी सुताची लड आणि टोपलीत रिकाम्या नळ्या. मायला त्यांनी काही सांगितलं नाही.

मी कॉलेजातून आलो, तेव्हा टोपलीतल्या सगळ्या नळ्यांवर सूत भरलेलं होतं. माय त्यातली एक कांडी हातात घेऊन चाचपत होती.

"ह्या कोणं भरल्या वं?" ती स्वतःशीच पुटपुटली. मग नखाने सूत दाबून पाहिलं. "घट्ट हायेत. अशा तं तीच भरे."

बाबांनी तिच्या हातातून ती कांडी हळूच घेतली, धोट्यात बसवली आणि माग सुरू केला.