पातळ झांज

"मारायचं न्हाई ओ, पुसायचं," असं म्हणत टेलरमामा उजवा हात हवेत तिरका न्यायचे, फळीवरची धूळ झटकल्यासारखा. ड्रमवर कुणी नवखा बसला आणि त्याने झांजेवर काठी सरळ हाणली, की स्वतःलाच लागल्यासारखं त्यांचं तोंड व्हायचं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी दिवसा प्राथमिक शाळेत मास्तर आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर. मामा ड्रमवर. एरवी मंगळवार पेठेत जिन्याखालच्या छोट्या दुकानात ते कपडे शिवायचे. लग्नाचा कोट कापावा तर मामांनीच, असं गिऱ्हाइकं म्हणायची. दिवसा मशीनचं पायडल आणि कार्यक्रमात ड्रमचं. "पायाला काय कळतंय, कुठलं हाय ते?" असं त्यांचं म्हणणं.

असे कार्यक्रम तुम्हीही पाहिले असतील. आपलं लक्ष गाणाऱ्याकडे असतं, झांजांकडे कोण बघतो? पण मामांच्या शेजारी बसून मला एवढं कळलं होतं, की जाड झांज ठेका धरायला आणि पातळ झांज कडवं संपवायला. पातळ झांजेला काठीचा स्पर्श पुरतो. ती चटकन फुलते आणि गाणारी पुढचा शब्द उचलायच्या आत विरते. जाड झांज मागे रेंगाळते, शब्द खाते. हळव्या गाण्याच्या आधी मामा काठ्यांच्या टोकांना मऊ फलालीनचे बोळे बांधून पातळ झांजेच्या कडेवर भराभर, पण अगदी अलगद वाजवायचे. आवाज कुठून सुरू झाला ते कळायचं नाही, फक्त चढत यायचा. मग दोन बोटांनी कड धरली की सगळं गप्प.

त्या झांजेला त्यांनी कोटाच्या उरलेल्या अस्तराची पिशवी शिवली होती. टेम्पोतून जाताना ती कायम त्यांच्या मांडीवर. "मामा, झोपली काय?" असं आम्ही चिडवायचो. "आत्ताच डोळा लागलाय, हळू बोला," असं ते गंभीरपणे सांगायचे.

एका वर्षी गडहिंग्लजचा कार्यक्रम ठरला. मामा मूळचे तिथले. आपल्या गावात ते पहिल्यांदाच वाजवणार होते. थोरली बहीण तिथेच राहायची, म्हणून ते आदल्या दिवशी एसटीने पुढे गेले. जाताना पिशवी माझ्याकडे दिली. "अक्का पुढं बसणार हाय, मास्तर. एवढी मांडीवर घेऊन या."

मी अर्ध्या रस्त्यापर्यंत घेतली. मग पाय अवघडले, म्हणून पिशवी मागे सामानात सरकवली आणि डोळे मिटले. घाटात टेम्पोला हिसका बसला तेव्हा काहीतरी जड घसरल्याचा आवाज आला. मी उठून पाहिलं नाही.

गडहिंग्लजला पिशवी उघडली तर कड दबलेली आणि बोटभर भेग. मामा अजून आले नव्हते. मी झांज स्टँडवर चढवली आणि भेगेची बाजू मागच्या पडद्याकडे फिरवली. पुढे सांगू, असं मनाशी म्हणालो. गावकऱ्यांनी मामांना हार घालून थेट व्यासपीठावर आणलं, आणि लगेच नारळ फुटून गाणं सुरू झालं.

तिसऱ्या गाण्यात कडवं संपताना मामांचा हात तिरका गेला आणि पत्र्याचा डबा आपटावा तसा आवाज झाला. भेग आत मध्यापर्यंत गेली होती. समोर हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "पावणं, भांडी घरात घासा की!" पहिल्या रांगेत अक्का पदर तोंडाशी धरून खाली बघत होत्या. मामांनी तळव्याने झांज दाबून धरली आणि उरलेला कार्यक्रम तिला न शिवता पुरा केला. परतताना आमचे संचालक सगळ्यांदेखत म्हणाले, की मामांचा हात आता जड झाला, म्हणून झांज फुटली. मी खिडकीबाहेर बघत होतो.

चार दिवसांनी मामा शाळेच्या फाटकाशी आले. मधली सुट्टी होती. म्हणाले, "मास्तर, तुम्ही शेजारी बसतासा. खरं सांगा. माझा हात जड झालाय न्हवं?"

बोलायला याहून सोपी वेळ येणार नव्हती. मी म्हणालो, "थोडासा झालाय, मामा. वयानं होतंच."

त्यांनी मान हलवली. "सांगितलासा ते बरं केलासा. दुसरं कोण बोललं नसतं."

त्यांनी ऑर्केस्ट्रा सोडला. त्यांच्या जागी विजेवरचा ऑक्टोपॅड आला. त्यात झांज दर वेळी सारखीच वाजते आणि फुटत नाही. पुढे एकदा भाच्याच्या लग्नाचं कापड घेऊन मी दुकानात गेलो, तर मामांनी ते परत माझ्या हातात दिलं. कोट आता कापत नाही म्हणाले, हात भरवशाचा नाही. मशीनवर साडीचे फॉल पडले होते. तेव्हाही मी कापडाची घडी करून घरी आलो.

मग दुकान बंद करून ते अक्कांकडे गेले. मला गडहिंग्लजची एसटी धरायला आणखी सहा वर्षं लागली. ते ओसरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं: मांडीवरून खाली ठेवलेली पिशवी, पडद्याकडे फिरवलेली भेग, फाटकाशी बोललेलं खोटं. त्यांनी आतून चहा मागवला, माझा पिऊन होईपर्यंत थांबले.

"मास्तर, कोट कापायचा सोडला हो मी," एवढंच म्हणाले.

निघताना मी वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले. आवाज चढवला नाही. "आता परत येऊ नगासा."

मी गेलो नाही. दोन वर्षांनी शाळेतल्या फोनवर ते गेल्याचं कळलं. तिसरीच्या वर्गाला शुद्धलेखन घालत होतो. फोन ठेवून वर्गात आलो आणि पुस्तक हातात घेतलं. पोरं पेन्सिली वहीवर टेकवून थांबली होती.