काउंटरवर बोललेली बाई

भुताखेतांवर, चमत्कारांवर माझा कधी विश्वास नव्हता. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण स्वतः बघितल्याशिवाय खरं मानायचं नाही, हे मला कळतं. आणि ही गोष्ट तर मी बघितलेलीच नाही... म्हणून वहीत लिहून ठेवते.

गेल्या हिवाळ्यात ह्यांचा खुबा मोडला. आम्ही दिल्लीच्या द्वारकेत राहतो, पण ह्यांच्या सरकारी कार्डावर बेड मिळाला तो फरीदाबादला. ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या दिवशी मात्र ह्यांना सलाइनच्या नळीवर मुंग्या दिसायला लागल्या. मग मुंग्या गेल्या आणि बोलणंही गेलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

शेजारच्या बेडजवळ एक हरियाणवी बाई बसायची, नवऱ्याची सोबत म्हणून. मला बेबे म्हणायची, म्हणजे बहीण. मीही तिला बेबेच म्हणायचे.

"ए बेबे, तेरा आदमी सारा दिन भींत नै देखै सै. डाक्टर तै बता दे." दिवसभर भिंतीकडेच बघतो, डॉक्टरांना सांग, असं तिचं रोजचं.

डॉक्टर रोज विचारायचे, "कोई परेशानी?" मी रोज म्हणायचे, "जी नहीं, सब ठीक है." हिंदीत चार वाक्यं सलग बोलायची म्हटलं की माझी जीभ अडते. शिवाय वाटायचं, ह्यांना वेडं ठरवतील, फाइलीत लिहितील...

नवव्या दिवशी सकाळी चष्मा पुसायला घेतला, तर चष्म्याच्या डबीत गोळ्या. अकरा. गिळल्यासारखं करून साठवत होते.

"अहो, ह्या कशाला?"

"राहू दे. लागतील."

"कशाला लागतील?"

"तू फार दमलीस गं," एवढंच म्हणाले.

मी डबी बंद करून होती तिथे ठेवली. काढून घेण्याचं धाडस झालं नाही. "कपडे घेऊन येते," म्हटलं, त्या बाईला लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघाले. खरं म्हणजे पळाले. आमचा पास गेटवर गार्डकडे जमा केला. पासाशिवाय कुणाला वर सोडत नाहीत.

मेट्रोत बसले. ठरवलं, परत गेल्यावर सांगायचंच. वाक्यं जुळवत बसले. 'मेरे पति दवा खाते नहीं, जमा करते हैं. चश्मे की डिब्बी में देखिए. वो जीना नहीं चाहते.' पुन्हा पुन्हा, ओठातल्या ओठात. मंडी हाऊसला गाडी बदलली तेव्हा घड्याळ बघितलं होतं, पावणेअकरा.

घरी आंघोळ केली, कपडे घेतले, दोनच्या सुमारास परतले. गार्डने ड्रॉवरमधून पास काढून दिला. वर काउंटरवरच सिस्टर भेटल्या.

"आंटी, अच्छा किया आपने बता दिया. मन के डॉक्टर आकर देख गए. दवा आज से हमारे सामने खाएँगे."

"मैंने...?"

"और कौन? पौने ग्यारह बजे यहीं खड़ी थीं आप, इसी शाल में." मग त्यांनी माझी ती तीन वाक्यं म्हणून दाखवली. त्याच क्रमाने. "इतनी साफ हिंदी बोलती हैं, तो रोज़ चुप क्यों रहती हैं?"

मी धावत बेडपाशी गेले. डबीत फक्त चष्मा होता. बेबेला विचारलं, तूच सांगितलंस ना? ती हसली. "मैं क्यूँ जाती? तू ए तो गई थी, मेरे आगै तै."

औषधाने हळूहळू फरक पडला. पंधरा दिवसांनी ह्यांनी स्वतःहून चहा मागितला. चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरलेसुद्धा. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

कोण गेलं होतं काउंटरवर? मी खूप विचार केला. आता विचार करूनही दमते. सिस्टर चुकल्या म्हणावं तर बेबेही तेच म्हणते, मीच तिच्यासमोरून गेले म्हणून. आणि वाक्यं तर मी कुणालाच ऐकवली नव्हती.

घरी आल्यावर एकदा ह्यांनी विचारलं, "डबीचं तूच सांगितलंस ना?"

मी हो म्हटलं.

"बरं केलंस," म्हणाले.

तेवढं एक खोटं मी अजून तसंच ठेवलंय.